ट्रायम्फ टीआर-६ : डिफरन्शियलच्या पिना आणि चासीचे तडकलेले ब्रॅकेट

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्राचा आशय असा : १९७२ सालची ट्रायम्फ टीआर-६ ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी आपण दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीत विकत घेतली. क्लच सोडून गाडी हलू लागते तेव्हा आणि चालत्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला जातो तेव्हा मागून ‘खट्’ असा जड आवाज येतो. गाडी लिफ्टवर चढवल्यावर डिफरन्शियल (इंजिनाची ओढ मागच्या दोन चाकांत वाटणारी दातेरी पेटी) ज्या चार पिनांवर चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, टांगलेले असते, त्यांपैकी पुढच्या उजव्या पिनेच्या मुळाशी ब्रॅकेटच्या पत्र्याला अर्धवर्तुळाकार तडा गेलेला दिसला. हा तडा वेल्डिंगने भरून घेतला तर पुरे होईल का, त्यासाठी बॉडी चासीवरून उतरवावी लागेल का, आणि हे काम घरच्या गॅरेजमध्ये स्वतः करता येईल का, असे आपले तीन प्रश्न आहेत.

उत्तरे थोडक्यात आधी देतो. तडा नुसता भरून घेणे पुरेसे नाही. असा भरलेला तडा बहुधा वेल्डच्या कडेने पुन्हा उघडतो. चासीच्या मुख्य पट्ट्या निरोगी असतील तर बॉडी उतरवण्याची गरज नाही. सोडवणे, साफ करणे, मापे घेणे, प्लेटा कापून बसवून पाहणे आणि शेवटची जोडणी हे सारे आपण घरी करू शकता. पण प्रत्यक्ष वेल्डिंग, विशेषतः ते उताणे पडून डोक्यावर करायचे असेल तर, ज्याचा हात त्यात बसलेला आहे अशा माणसाकडून करून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. तो का, हे पुढे येईलच.

मी पुण्यात एका गॅरेजमध्ये चासीचे काम शिकलो. तिथे मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्ड गाड्या दुरुस्तीला येत. हेराल्ड म्हणजे ट्रायम्फचेच भारतीय रूप. तिचीही बॉडी स्वतंत्र चासीवर बोल्टने बसवलेली असे आणि तिचेही डिफरन्शियल थेट चासीला घट्ट केलेले असे. नंतर इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या आसपास जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांच्या चासी दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षे गेली. टीआर-६ कॉव्हेंट्रीच्याच कॅनली कारखान्यात १९६८ ते १९७६ या काळात तयार झाली आणि त्यांतल्या बहुतेक गाड्या अमेरिकेला गेल्या. त्यामुळे आपल्याला पडलेला प्रश्न अटलांटिकच्या दोन्ही काठांवर रोजचा आहे.

दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी पिन का तुटते हे नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण दुरुस्तीचा प्रत्येक निर्णय त्यावरच अवलंबून आहे. १९६१ च्या टीआर-४ मध्ये मागे अखंड ॲक्सल होता आणि तो पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेला होता. चाकांना पुढे ढकलताना ॲक्सल उलट दिशेने पिळला जातो. तो पीळ स्प्रिंगच्या लांब पाट्या लवचिकपणे सोसत. १९६५ च्या टीआर-४ए मध्ये कंपनीने मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिले. आता डिफरन्शियल चाकांबरोबर वरखाली होत नव्हते. ते चासीच्या दोन आडव्या पुलांना पुढे दोन आणि मागे दोन अशा चार पिनांवर, रबरी बुश (धक्का सोसणारी रबराची गोल बैठक) घालून टांगलेले होते. म्हणजे पूर्वी जो पीळ स्प्रिंगच्या पाट्या सोसत होत्या तो सगळा आता चार पिनांवर, आणि पिनांमधून त्या ज्या पत्र्याच्या ब्रॅकेटला वेल्ड केलेल्या आहेत त्या पत्र्यावर येऊ लागला.

हा पीळ किती मोठा असतो याचा अंदाज साध्या गुणाकाराने येतो. टीआर-६ च्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ढोबळमानाने २०० न्यूटन-मीटर धरा. पहिल्या गिअरचे गुणोत्तर सुमारे ३ आणि डिफरन्शियलचे अमेरिकेतल्या गाडीत ३.७ आहे. तिन्हींचा गुणाकार २,००० न्यूटन-मीटरच्या वर जातो, आणि तोही क्लच हळुवार सोडला तर. झटक्याने सोडला तर क्षणभर त्याहून पुष्कळ अधिक. टीआर-४ए चे इंजिन २,१३८ सीसीचे, चार सिलिंडरचे होते. १९६७ मध्ये टीआर-५ आणि टीआर-२५० या गाड्यांत २,४९८ सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन आले आणि तेच पुढे टीआर-६ मध्ये राहिले. इंजिन वाढले, ओढ वाढली, पण मागचे डिफरन्शियल टांगण्याची पद्धत मात्र चार सिलिंडरच्या काळातलीच राहिली.

मग चारांपैकी पुढची उजवीच पिन आधी का जाते? येथे उजवी म्हणजे गाडीत पुढे तोंड करून बसल्यावर उजवीकडची. आपल्या गाडीत ती शेजारच्या सीटच्या बाजूला येते, इंग्लंडच्या गाडीत चालकाच्या बाजूला. गाडी पुढे ओढली जात असताना डिफरन्शियलचे नाक, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे ओढ आणणारा लांब फिरता दांडा) जोडलेले पुढचे टोक, वर उचलले जाऊ पाहते. त्याच वेळी प्रोपेलर शाफ्ट मागून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत असतो आणि संपूर्ण डिफरन्शियलला त्याच दिशेने कलंडवू पाहतो. त्यामुळे उजवी बाजू वर ढकलली जाते आणि डावी खाली. नाक वर आणि उजवी बाजूही वर, अशा दोन ओढी पुढच्या उजव्या पिनेपाशी एकत्र येतात. पुढच्या डाव्या पिनेपाशी त्या एकमेकींना काही अंशी छेद देतात. रिव्हर्स गिअर टाकला किंवा ॲक्सिलरेटर सोडून इंजिनावर गाडी आवरली, की हीच दिशा उलटते आणि तीच पिन खाली खेचली जाते. वर, खाली, पुन्हा वर, असा पत्रा पन्नास वर्षे वाकत राहिला, तर लोखंडी तार वाकवून वाकवून तुटते तसा तो पिनेभोवतीच्या वेल्डच्या कडेने तडकतो.

या सगळ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते आणि तीच माझ्या उत्तराचा गाभा आहे : आपल्या गाडीत पिन कमजोर नाही आणि बहुधा कारखान्याचा वेल्डही कमजोर नव्हता. कमजोर आहे तो पिनेभोवतीचा पातळ, एका बाजूने उघडा असलेला, वाकू शकणारा पत्रा. तडा भरला तरी पत्रा वाकतच राहतो; आणि आता वेल्डच्या उष्णतेने त्याच्या शेजारचा भाग अधिक ठिसूळ झालेला असतो. म्हणून तडा भरणे ही दुरुस्तीची पहिली पायरी आहे. पत्र्याचे वाकणे थांबवून भार मोठ्या क्षेत्रावर पसरवणे हे खरे काम आहे.

आता निदानाची खात्री करू. तडा डोळ्यांनी दिसला असला तरी आवाजाचे तेच एकमेव कारण आहे असे गृहीत धरू नये. टीआर-६ मध्ये मागून ‘खट्’ वाजण्याची आणखी अनेक कारणे असतात : प्रोपेलर शाफ्टचे आणि दोन्ही हाफ शाफ्टचे (डिफरन्शियलपासून एकेका चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांचे) झिजलेले युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे वाकते सांधे, डिफरन्शियलच्या आतली दात्यांची मोकळीक, फुगलेले किंवा चिरडलेले रबरी बुश, तारांची चाके असतील तर त्यांच्या हबवरच्या झिजलेल्या खाचा. हाफ शाफ्टच्या सरकत्या खाचा कोरड्या पडल्या असतील तर त्या ओढीखाली अडकतात आणि वळणावर अचानक सुटतात; मग गाडी मागून दचकल्यासारखी होते. हा दचका केवळ त्रासदायक नाही. तो प्रत्येक वेळी पिनांवरही आदळतो, म्हणून खाचांना वंगण देणे हा या दुरुस्तीचाच भाग समजावा.

तपासणीसाठी गाडी चासीखाली मजबूत स्टँड लावून उभी करावी. डिफरन्शियलखाली जॅक लावून ती कधीही उचलू नये. पहिला गिअर टाकून इंजिन बंद ठेवावे आणि मदतनीसाने मागचे चाक हातांनी पुढेमागे हलवावे. आपण खालून डिफरन्शियलच्या नाकाकडे आणि पिनेच्या मुळाकडे पाहावे. रबर दबते आहे की पिनच ब्रॅकेटसकट हलते आहे, हा फरक नीट टिपावा. त्यानंतर डिफरन्शियलच्या नाकाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून छोट्या जॅकने अगदी हलकासा दाब द्यावा. तडा असेल तर तो श्वास घेतल्यासारखा उघडतो आणि मिटतो. तारेच्या ब्रशने चिखल, ग्रीस आणि जुने अंडरसील (गाडीच्या तळाला गंज लागू नये म्हणून दिलेला जाड लेप) पूर्ण काढल्याशिवाय यातले काहीही विश्वासार्ह नाही. तड्यातून झिरपलेल्या गंजाची लालसर रेघ हा बहुतेकदा पहिला पुरावा असतो. शंका राहिली तर तडा शोधण्याचे रंगीत द्रव मिळते. ते लावून, पुसून, वर पांढरी पावडर फवारली की केसाएवढा तडाही लाल रेषेत उमटतो. चारही पिना याच पद्धतीने तपासाव्यात. उजवीकडे एक तडा दिसला म्हणून तेवढाच दुरुस्त करून गाडी सोडली, आणि वर्षभरात डावी पिन तुटून गाडी परत आली, असे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

याच वेळी चासीच्या मध्यभागाची परीक्षा करावी. मागच्या सस्पेन्शनचे हात ज्या तिरक्या पट्ट्यांना जोडलेले असतात, त्या पट्ट्या मुख्य चासीला मिळतात तिथे खालीवर दोन रुंद पत्रे असतात. आकार अंगरख्यासारखा असल्यामुळे इंग्लंड-अमेरिकेतले कारागीर त्यांना ‘टी-शर्ट’ म्हणतात. हे पत्रे आतून गंजतात. बाहेरचा रंग चांगला दिसतो आणि आत पाणी, चिखल आणि रस्त्यावर टाकलेले मीठ वर्षानुवर्षे साचलेले असते. टोकदार हातोडीने किंवा जाड स्क्रूड्रायव्हरने तिथे नीट टोचून पाहावे. हत्यार आत गेले, किंवा ठोकल्यावर ठणठणीत आवाजाऐवजी भसाड आवाज आला, तर आधी ती चासी दुरुस्त करावी लागेल आणि तेव्हा मात्र बॉडी उतरवणेच शहाणपणाचे. गंजलेल्या चासीला मजबूत ब्रॅकेट वेल्ड करणे म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईला नवी खुंटी ठोकणे आहे. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे आपल्या गाडीच्या बाबतीत ही तपासणी टाळू नये, असे मी मुद्दाम सांगतो.

चासी निरोगी निघाली असे धरून पुढे जातो.

सोडवण्याच्या कामात सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाना-पकडींची नाही, आगीची आहे. टीआर-६ ची पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, डिक्कीच्या पुढच्या भागात, म्हणजे जवळजवळ आपल्या कामाच्या जागेच्या डोक्यावर असते. टाकी रिकामी करणे पुरेसे नाही. रिकाम्या टाकीत उरलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते. टाकी गाडीतून पूर्ण बाहेर काढून दुसरीकडे न्यावी, पेट्रोलच्या नळ्यांची तोंडे बंद करावीत आणि चासीवरून जाणारी ब्रेकची नळी सोडवून बाजूला करावी किंवा उष्णतारोधक कापडाने झाकावी. सीट, गालिचे आणि मागची आतली अस्तरे काढावीत, कारण वेल्डिंगची उष्णता पत्र्यातून वर जाते आणि गालिचा कोणाच्या लक्षात येण्याआधी धुमसू लागतो. बॅटरी काढावी, अल्टरनेटरच्या तारा सोडाव्यात. आग विझवण्याचे उपकरण हाताशी असावे आणि काम संपल्यावर निदान तासभर गाडीपाशी कोणीतरी थांबावे. कारागिराच्या घाईमुळे पत्र्यामागचे जुने अंडरसील अर्ध्या तासाने पेटल्याची घटना मी जवळून पाहिली आहे. सुदैवाने गाडी वाचली, पण तेव्हापासून मी हा तास कधी सोडलेला नाही.

सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट आणि दोन्ही हाफ शाफ्ट सोडल्यावर डिफरन्शियल खाली येते. ते जड असते आणि त्याचा तोल पुढच्या बाजूने जातो, म्हणून गिअरबॉक्स उतरवण्याचा रुंद पाट असलेला जॅक आणि सोबत दुसरा माणूस हवाच. पिनांचे नट सोडताना एक काळजी घ्यावी : नट गंजून अडकला असेल तर तो जोराने फिरवू नये, कारण तो पीळ तडकलेल्या पत्र्यालाच फाडतो. नट कापून काढावा. नट स्वस्त आहे.

डिफरन्शियल खाली आले, की ग्राइंडर हातात घेण्याआधी मापे घ्यावीत. पिनांच्या मध्यांतले अंतर, त्यांचा सरळपणा आणि मागच्या पिनांशी असलेले नाते जपले गेले नाही, तर डिफरन्शियल पुन्हा बसत नाही किंवा पिळवटून बसते. अशा पिळवटलेल्या जोडणीत रबरी बुश एका बाजूने कायमचे दबलेले राहतात आणि नवा वेल्ड पहिल्या दिवसापासून ताणाखाली असतो. माझ्याकडे एकदा एक गाडी आली होती. आधीच्या कारागिराने पिन डोळ्यांच्या अंदाजाने वेल्ड केली होती आणि ती काही मिलिमीटर कलली होती. मालकाने डिफरन्शियल पहारीने ओढून बसवले होते. सहा महिन्यांत तोच ब्रॅकेट तिप्पट फाटला. यावर उपाय सोपा आहे. डिफरन्शियलच्या पुढच्या आधाराच्या दोन भोकांवरून पाच-सहा मिलिमीटर जाड लोखंडी पट्टीचा साचा बनवावा, तो चांगल्या पिनेवर आणि दुरुस्त करायच्या पिनेवर घालून नटांनी घट्ट करावा आणि वेल्डिंग होऊन थंड होईपर्यंत काढू नये. मागच्या पिनांशी असलेले अंतर आधी मापून कागदावर लिहून ठेवावे. साचा बनवायला एक संध्याकाळ लागते. ती वाचवू नये.

आता तडा. त्याची दोन्ही टोके शोधून प्रत्येक टोकापाशी तीन मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे तडा पुढे सरकायचा थांबतो. तड्याच्या दोन्ही कडा ग्राइंडरने व्ही आकाराची खाच होईल अशा घासून चकचकीत धातूपर्यंत उघडाव्यात. गंज, रंग, ग्रीस किंवा मेण यांचा अंश राहिला तरी वेल्डमध्ये बुडबुडे अडकतात, आणि बुडबुड्यांनी भरलेला वेल्ड म्हणजे नव्या तड्याची सुरुवात. पत्रा तड्याभोवती फार पातळ झाला असेल तर तेवढा तुकडा कापून नवा बसवावा. पिन वाकलेली असेल, तिचे आटे खराब झाले असतील किंवा मूळ वेल्डपाशी तिलाच तडा असेल, तर नवी पिन घ्यावी. या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे त्या मिळतात. तिच्या जागी बाजारातला जास्त ताकदीचा बोल्ट कापून वेल्ड करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. असे बोल्ट उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेले असतात. वेल्डच्या उष्णतेने ती प्रक्रिया बिघडते आणि बोल्ट नेमका वेल्डच्या कडेला ठिसूळ होतो.

वेल्डिंगसाठी मिग मशीन (ज्यात वेल्डची तार आपोआप पुढे येते आणि भोवती वायूचे आवरण असते), ०.८ मिलिमीटरची साध्या पोलादाची तार आणि आर्गन-कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण हे योग्य आहे. पितळेने झाळणे येथे मुळीच चालणार नाही. काम उताणे पडून, अरुंद जागेत आणि डोक्यावर करायचे असते. वितळलेला धातू खाली ओघळू पाहतो; म्हणून नवशिका वेग वाढवतो किंवा करंट कमी ठेवतो, आणि वेल्ड वरून सुंदर दिसत असला तरी आत धातू एकजीव झालेला नसतो. असा वेल्ड पाहून ओळखता येत नाही. तो तुटतो तेव्हाच कळतो. म्हणूनच मी आरंभी म्हटले, की हे काम सवयीच्या हाताचे आहे. आपल्याला स्वतःच करायचे असेल तर त्याच जाडीचे भंगार पत्रे डोक्याच्या उंचीवर अडकवून सराव करावा, ते कापून वेल्ड आत किती खोल गेला ते पाहावे, हातोड्याने वाकवून तोडून पाहावेत आणि मगच गाडीला हात लावावा. एकाच ठिकाणी लांब वेल्ड ओढू नये. उजवीकडे दोन सेंटिमीटर, मग डावीकडे दोन, अशा टप्प्यांनी आणि मध्ये थंड होऊ देत काम केले, तर ब्रॅकेट ओढला जाऊन वाकडा होत नाही. पाणी टाकून थंड करू नये.

यानंतर येते ती मजबुती, आणि येथे दोन्ही टोकांच्या चुका होतात. मूळ ब्रॅकेटचा दोष असा, की तो उघड्या खोक्यासारखा आहे. उघडी बाजू दाबाखाली मिटते आणि उघडते. ती बाजू तीन मिलिमीटरच्या साध्या पोलादी प्लेटने बंद करून ब्रॅकेट पूर्ण खोक्यासारखा केला आणि पिनेच्या मुळाभोवती भोक पाडलेली एक प्लेट बसवून ती ब्रॅकेटच्या उभ्या बाजूंपर्यंत नेली, तर भार पिनेभोवतीच्या वर्तुळावर न राहता आडव्या पुलापर्यंत पसरतो. या आकाराच्या कापलेल्या प्लेटांचे तयार संचही मिळतात आणि ते वापरण्यास हरकत नाही, मात्र प्रत्येक गाडीत थोडे घासून बसवावे लागतातच. प्लेटेची कड पत्र्याच्या मध्यभागी सरळ रेषेत संपू नये. तिचे कोपरे गोल करावेत आणि शक्य असेल तिथे ती कड ब्रॅकेटच्या घडीवर किंवा दुसऱ्या वेल्डवर संपवावी. सरळ कडेला अचानक जाड-पातळ असा बदल होतो आणि ताण तिथेच गोळा होतो.

जाडीबद्दल माझा अनुभव स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य समजतो. सुरुवातीच्या काळात मी एका गाडीला सहा मिलिमीटरच्या प्लेटा लावल्या, कारण ‘जाड म्हणजे मजबूत’ अशी माझी समजूत होती. पिना अजिबात हलल्या नाहीत. पण तीनेक वर्षांनी आडव्या पुलाचा पत्रा, नेमका माझ्या प्लेटेच्या कडेला लागून, तडकला. दोष गाडीचा नव्हता, माझा होता. भार नाहीसा होत नाही, तो फक्त पुढच्या कमजोर जागी जातो. त्यामुळे मजबुती मूळ पत्र्याच्या जाडीशी जुळती, थोडीशीच अधिक असावी आणि हळूहळू विरत गेली पाहिजे. याच कारणाने उजव्या बाजूला जे कराल तेच डाव्या बाजूलाही करावे, आणि डिफरन्शियल खाली आलेलेच असल्याने मागच्या दोन पिनांच्या मुळांनाही छोट्या प्लेटा द्याव्यात. चारांपैकी एकच पिन ताठ आणि बाकीच्या लवचिक राहिल्या, तर ती ताठ पिन सगळ्यांचा भार स्वतःकडे ओढून घेते.

बुशांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू होते. मूळ रबराऐवजी कडक पॉलियुरेथेनचे बुश सर्रास सुचवले जातात. ते टिकतात आणि डिफरन्शियल कमी हलते, हे खरे आहे. परंतु क्लचचा प्रत्येक झटका ते पिनांपर्यंत जवळजवळ जसाच्या तसा पोचवतात. शर्यतीच्या गाडीला, जिची चासी दर मोसमात तपासली जाते, ते ठीक. आपल्यासारख्या, रविवारी गाडी बाहेर काढणाऱ्या माणसाने चांगल्या प्रतीचे रबर वापरावे, असे माझे मत आहे.

वेल्ड थंड झाल्यावर साचा काढावा आणि डिफरन्शियलचा पुढचा आधार हातांनी पिनांवर घालून पाहावा. तो ठोकाठोकी न करता बसला पाहिजे. मग वेल्ड तारेच्या ब्रशने साफ करून पुन्हा एकदा रंगीत द्रवाने तपासावेत. वेल्ड ग्राइंडरने घासून गुळगुळीत करण्याची हौस करू नये. दिसण्यासाठी घासलेला वेल्ड तेवढाच पातळ होतो.

गंजाविषयीची काळजी याच वेळी घ्यावी लागते, कारण आपण नुकताच एक उघडा खोका बंद केलेला आहे आणि बंद खोक्यात शिरलेले पाणी बाहेर येत नाही. प्लेटा बसवण्यापूर्वी आतल्या पृष्ठभागाला वेल्डिंगला चालणारे जस्तयुक्त प्रायमर द्यावे, पण वेल्डची रेषा उघडी ठेवावी आणि काम हवेशीर जागी, योग्य मुखवटा घालून करावे, कारण जस्ताचा धूर छातीला त्रास देतो. प्रत्येक खोक्याच्या सर्वांत खालच्या बिंदूला सहा मिलिमीटरचे एक भोक ठेवावे. सगळे रंगकाम वाळल्यावर त्याच भोकातून नळीने मेणाचा फवारा आत मारावा आणि भोक बुजू देऊ नये.

जोडणी करताना युनिव्हर्सल जॉइंट, हाफ शाफ्टच्या खाचांचे वंगण आणि डिफरन्शियलचे सील पाहून घ्यावे. पुन्हा इतके सगळे खाली येणार नाही. पिनांना नवे, आपोआप न सुटणारे नट वापरावेत आणि नट घट्ट करताना पिन फिरत नाही ना, हे खात्रीने पाहावे. सस्पेन्शनच्या हातांचे ब्रॅकेट हलवले असतील तर त्यांच्यामागचे पातळ पत्रे जितके होते तितकेच आणि त्याच जागी परत घालावेत, कारण मागच्या चाकांची दिशा त्यांवरच ठरते. शेवटी चाकांचे अलाइनमेंट मोजून घ्यावे. ब्रेकची नळी सोडली असेल तर ब्रेकमधली हवा काढल्याशिवाय गाडी अंगणाबाहेरही नेऊ नये.

वेळेचा अंदाजही आपल्याला हवा असेल. दोन माणसांना सोडवण्यात एक दिवस, साफसफाई, साचा आणि प्लेटा तयार करण्यात दोन, वेल्डिंगला एक, रंग वाळण्यासाठी एक आणि जोडणीला एक, असा सहा दिवसांचा हिशेब धरावा. वेल्डर घरी येऊन काम करणारा मिळाला तर उत्तम. त्याच्यासाठी जागा स्वच्छ, टाकी बाहेर आणि साचा पिनांवर चढवलेला तयार असेल, तर त्याचे काम काही तासांचे आहे.

शेवटचा रंग काळा देऊ नये. मी दुरुस्त केलेल्या ब्रॅकेटना नेहमी फिकट राखाडी रंग देतो, कारण त्यावर गंजाची रेघ लगेच दिसते. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर गाडी स्टँडवर घेऊन चारही नट तपासावेत आणि पिनांची मुळे टॉर्चच्या उजेडात पाहावीत. पुढे दर वर्षी डिफरन्शियलच्या तेलाची पातळी बघायला आपण गाडीखाली जालच, तेव्हा त्या चार जागांवरून ओले फडके फिरवून राखाडी रंगावर कुठे तांबूस रेषा उमटली आहे का, हे पाहून घ्यावे.